मी कापलेला पाऊण तास

आदिलाबादला माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो आणि अर्जाला लागणारे पासपोर्ट फोटो यांवर माझं घर चालतं. हौस मात्र गाड्यांची. त्या हौसेपायी मी मोबाइलवर एक चॅनल सुरू केला होता. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, दोन्ही चालवून बघायच्या आणि कोणती कशात बरी ते आपल्या बोलीत सांगायचं. दोन ट्रॅक्टर झाले, दोन मोपेड झाल्या, जुनी जीप आणि नवी जीप झाली. प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला मी म्हणायचो, "जे हाय ते हाय, आपण कोणाचं मिंधं नाई." लोकांना ते आवडायचं. यवतमाळ, नांदेडकडूनही फोन यायचे. पण वर्षभरात बघणारे कमी होत गेले. रोज सकाळी उठून मी आधी तो आकडा बघायचो आणि मग चहा घ्यायचो.

त्या हिवाळ्यात गावातल्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या सेठचा जावई हैदराबादहून आपली स्पोर्ट्स कार घेऊन सासरी आला. राखाडी रंगाची, दोन दारांची, जमिनीला चिकटलेली गाडी. सेठच्या दारात ती उभी होती तेव्हा रस्त्यावरची माणसं वाकून वाकून आत बघत होती. तिचं छत बटन दाबलं की आपोआप घडी होऊन मागे जायचं. मी सेठकडे ओळख काढून गेलो. जावई तिशीचा असेल. हिंदीत बोलायचा, मराठी समजायचं. मी विचारलं तर लगेच हो म्हणाला. फक्त एक प्रश्न त्याने केला, "लेकिन भैया, इसके बाजू में खड़ा क्या करोगे?"

प्रश्न खरा होता. जिल्ह्यात दुसरी स्पोर्ट्स कार नव्हती. तेव्हा मला जैनथचे डॉक्टर आठवले.

ते माणसांचे नाहीत, ढोरांचे डॉक्टर. सरकारी दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले. तरुणपणी कुठल्याशा लिलावात त्यांनी एक विलायती उघडी गाडी घेतली होती. साय धरलेल्या दुधासारखा रंग, लांब बॉनेट, मागे अडकवलेली स्टेपनी आणि वर कापडाचा हूड. आमचं गाव जैनथपासून जवळच. मी चौथीत असताना आमची गाय अडली होती. डॉक्टर सकाळीच त्या उघड्या गाडीतून आले, बादलीभर गरम पाणी मागितलं, बाह्या वर केल्या आणि दुपारी निघाले तेव्हा वासरू उभं होतं. जाताना त्यांनी मला शेजारी बसवून वेशीपर्यंत नेलं होतं. डोक्यावर आभाळ आणि समोर काच, एवढंच मला आठवतं. पुढे किती तरी दिवस मी शाळेत तेच सांगत होतो.

मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते अंगणात गाडीचा बंपर फडक्याने पुसत होते. पंच्याहत्तरीच्या पुढचे, पण ताठ. मी व्हिडिओचं सांगितलं.

"तिचं काय दाखवतं बाबू?" ते म्हणाले. "म्हातारी झाली ते. वायपरची मोटर ऑटोची हाय, आरसा मोटरसायकलचा हाय."

"म्हणूनच दाखवायची, डॉक्टरसाहेब. जुनं काय होतं ते आजच्या लोकाइले कळलं पाह्यजे."

आतून काकू बाहेर आल्या. हातात निवडायला घेतलेली मेथी होती. "दाखवू द्या ना," त्या म्हणाल्या. "रोज पुसून राह्यले, रोज धुऊन राह्यले. पाह्यते कोण तिले?"

डॉक्टर हसले. मग त्यांनी मला हूड दाखवला. जुना फाटला तेव्हा तसलं कापड इकडे कुठे मिळेना. काकूंनी जाड कॅनव्हासची ताडपत्री आणवली, जुना हूड उसवून त्याचे तुकडे ओसरीवर मांडले आणि त्यांच्या मापाने नवीन कापला. मशीनच्या सुया मोडायला लागल्या, म्हणून सगळा हूड दाभणाने हातशिलाई करून शिवला. त्यात त्यांचा एक उन्हाळा गेला होता. शिवण इतकी सारखी होती की मी बोट फिरवून पाहिलं.

"पाणी गळते का?" मी विचारलं.

"एका कोपऱ्यातून," काकू म्हणाल्या. "ह्याइच्या बाजूने. माह्या बाजूने नाई."

ठरल्या दिवशी सकाळी मी जैनथच्या पुढे, पैनगंगेकडे जाणाऱ्या सरळ रस्त्यावर कॅमेरे लावून उभा होतो. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बाया वावरात उतरलेल्या. डॉक्टर वेळेच्या आधी आले. शेजारी काकू, डोक्याला रुमाल बांधलेला, मांडीवर डबा. हवेत अजून धुकं होतं आणि त्या धुक्यात गाडीचे दोन गोल पिवळे दिवे फार सुंदर दिसत होते. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, इंजिन बंद करा, आवाज येते. पण लाइट चालू ठेवा."

"बॅटरी जुनी हाय बाबू," ते म्हणाले. "इंजिन बंद असताना लाइट फार वेळ नको."

"पाचच मिनिटं."

ती पाच मिनिटं पाऊण तासाची झाली. जावयाला यायला उशीर झाला आणि मी ड्रोन वर पाठवला, खाली आणला, पुन्हा वर पाठवला. मधे एकदा डॉक्टरांनी विचारलं, "बंद करू का?" मी कॅमेऱ्यातून डोकं वर न काढता हाताने थांबा म्हटलं. त्यांनी दिवे चालूच ठेवले. सांगितलेलं ऐकणारा माणूस.

जावई आला तेव्हा धुकं ओसरलं होतं. मी म्हटलं, दोघं एकदम गाड्या सुरू करा. त्याने बटन दाबलं आणि त्याची गाडी वाघासारखी गुरगुरली. डॉक्टरांनी किल्ली फिरवली. टक् असा आवाज झाला, बाकी काही नाही. पुन्हा फिरवली. दिवे मंद होत विझले.

"उतरली बॅटरी," डॉक्टर म्हणाले. रागावून नव्हे, नुसतं सांगितल्यासारखं. मग काकू सरकून स्टिअरिंगवर बसल्या. क्लच केव्हा सोडायचा ते त्यांना चांगलं माहीत होतं. डॉक्टर मागे गेले, वावरातून दोन बाया पदर खोचून हसत हसत धावत आल्या, जावईही कोट काढून आला आणि सगळ्यांनी मिळून धक्का दिला. डॉक्टरांच्या पायातली एक चप्पल निसटली. ते तसेच एका चपलेवर पाच-सहा पावलं पळाले. गाडीने धूर सोडला, ती खोकली आणि सुरू झाली. काकूंनी ती हळूच वळवून आणली. सगळे टाळ्या वाजवत होते. तिथे उभं राहून बघताना तो प्रसंग आनंदाचा होता. हे मी मुद्दाम सांगतो, म्हणजे पुढे त्याचं मी काय केलं ते कळेल.

मग मी दोन्ही गाड्या चालवल्या. नव्या गाडीची सीट माणसाला दोन्हीकडून धरून ठेवते. पाय थोडा दाबला की पाठ मागे ओढली जाते आणि बाजूचा कापूस नुसती पांढरी रेघ होतो. ब्रेक लावला की गाडी जिथल्या तिथे. रस्ता कसा आहे ते अंगाला कळतच नाही. छत घडी व्हायला चपलेचा पट्टा लावण्याइतका वेळ. तिला नावं ठेवायला जागा नव्हती.

जुन्या गाडीचं स्टिअरिंग हातात थरथरत राहतं. पहिला गिअर घालायचा तर पूर्ण थांबावं लागतं. पायाला इंजिनची धग लागते, पेट्रोलचा वास येतो. हूड काढायला दोन माणसं आणि दहा-पंधरा मिनिटं लागतात. एकाने इकडची कडी सोडायची, दुसऱ्याने तिकडची. पण त्या गाडीतून जाताना वावरातल्या बाया काय बोलत होत्या ते मला ऐकू येत होतं. सायकलवरचा एक माणूस राम राम म्हणाला आणि मला त्याला उत्तर देता आलं. शेजारी डॉक्टर बसले होते. मी गिअर नीट घातला की ते मान हलवायचे. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला जुनी गाडी जास्त आवडली. मी ते जावयापाशी बोललोही.

त्यालाही ती आवडली होती. "अंकल, मैं बैठूं?" असं त्याने तीनदा विचारलं आणि शेवटी काकूंच्या जागेवर बसून एक फेरी मारून आला.

परत निघालो तेव्हा जैनथच्या तोंडाशी गतिरोधक होता. सकाळी येताना जावई दुसऱ्या बाजूने, हमरस्त्यावरून आला होता. इथे मात्र त्याची गाडी मधोमध अडकली. खालून खर्रकन आवाज आला आणि चाकं नुसती उभी. एका ट्रॅक्टरवाल्याने दोन फळ्या दिल्या, त्या चाकाखाली सरकवून गाडी इंचाइंचाने पार केली. डॉक्टरांची गाडी मागून आली आणि खाटेवरून उतरावं तशी उतरून गेली. जावई स्वतःच हसला. "ये भी दिखाना भैया," तो म्हणाला.

दुपारी आम्ही चौघांनी झाडाखाली काकूंचा डबा खाल्ला. ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. काकूंनी मला विचारलं, "कधी दिसते हे?"

"आठ दिवसांत."

"आमच्या फोनवर नाई दिसत. तुह्या दुकानात मोठ्या टीव्हीवर दाखवजो आमाले."

मी हो म्हटलं.

व्हिडिओ जोडायला मी स्टुडिओत बसलो तेव्हा माझ्याकडे हे सगळं होतं. पहिल्यांदा मी सरळ जोडला. लांबच लांब झाला. बघताना मलाच वाटलं, हा कोण बघणार? कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. मग मी धक्क्याचा भाग वेगळा काढला आणि त्याच्याखाली बाजाची एक विनोदी धून टाकली. मला हसू आलं. मग डॉक्टरांची चप्पल निसटते ती जागा हळू केली. मग ती तीनदा दाखवली. पाऊण तास दिवे चालू ठेवल्याचा भाग होता, त्यात डॉक्टरांचा "बंद करू का?" हा आवाजही स्पष्ट होता. तो कापला. राहिलं एवढंच, की नव्या गाडीने बटनावर सुरुवात केली आणि जुनी रस्त्यात बसली. गतिरोधकाचा भागही कापला. त्याला आणखी एक कारण होतं. सेठच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि ते काम मला हवं होतं. जावयाची गाडी अडकलेली दाखवून सेठ खूश होणार नाही, असं मी मनाशी धरलं. जावयाने स्वतः दाखव म्हटलं होतं, तरीही.

शेवटी चित्रावर माझा आवाज भरायला बसलो. काकूंच्या हुडावर कॅमेरा फिरत होता आणि मी म्हणालो, "आता हे छत पाहा. कापसाच्या गंजीवरची ताडपत्री उचलून आणली का काय बाप्पा?" काकू स्टिअरिंगवर बसतात तिथे म्हणालो, "बायको चालवते, नवरा ढकलते, गाडी अशी घ्या." शेवटचा निकाल असा दिला की जुनी गाडी अंगणात ठेवा, तिच्यात कोंबड्या बसवा.

सुरुवातीला मात्र नेहमीप्रमाणे म्हटलं होतं, जे हाय ते हाय.

तो व्हिडिओ माझ्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त चालला. दोन दिवसांत हजारो लोकांनी पाहिला. चहाच्या टपरीवर लोक मला थांबवून ती धून तोंडाने वाजवून दाखवायचे. चप्पल निसटण्याचा तुकडा कोणी तरी वेगळा कापून पाठवायला सुरुवात केली, तो तर जिथे तिथे दिसायला लागला. जैनथचा एक ओळखीचा दुकानदार सामान न्यायला आला होता. तो सांगत होता की डॉक्टर बाजारातून गेले की लोक "धक्का, धक्का" म्हणतात आणि त्यांना वाटतं लोक त्या सकाळच्या गमतीबद्दल कौतुकाने बोलतात, म्हणून ते हात वर करतात. दुकानदार हे हसत सांगत होता. मीही हसलो. त्या हसण्याच्या आठवणीने मला फार वाईट वाटतं, कारण आपण काय केलं ते तोवर मला आत कुठे तरी कळलं होतं.

आठवडा झाला आणि एक दिवस सकाळी डॉक्टर आणि काकू स्टुडिओच्या पायऱ्या चढून आले. बसने आले होते. डॉक्टरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, काकू चांगलं लुगडं नेसल्या होत्या. मला वाटलं, भांडायला आले.

"आठ दिवस झाले," काकू म्हणाल्या. "म्हटलं पाहून येऊ."

त्यांनी पाहिलेला नव्हता. कोणी दाखवला नव्हता. तोंडावर दाखवायची हिंमत कोणाची झाली नसेल. भिंतीवर माझा मोठा टीव्ही होता, लोकांना लग्नाचे व्हिडिओ दाखवायला लावलेला. काकू त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

मी म्हटलं, "काकू, कॉम्प्युटर बिघडला हाय. दुरुस्तीला दिला."

मागच्या खोलीत तो चालू होता. त्याच्या पंख्याचा आवाज येत होता.

"असू दे मग," काकू म्हणाल्या. "पुन्हा येऊ." डॉक्टर म्हणाले, "फोन करून आलो असतो तर बरं झालं असतं. चुकलं आमचंच." मी चहा मागवतो म्हटलं. ते नको म्हणत होते, बसची वेळ सांगत होते. तेवढ्यात गुडीहत्नूर गावचं एक गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोसाठी आत आलं. माझ्याच वयाचा माणूस. त्याने डॉक्टरांकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"अरे! तुमीच ना ते, धक्कावाले डॉक्टर?"

डॉक्टर कौतुकाने हसले. "तुमी पाह्यलं का?"

"कोणी नाई पाह्यलं? माह्या फोनमधे हाय ना." आणि मी काही बोलायच्या आत त्याने मोबाइल काढून दोघांच्या मधे धरला.

चार मिनिटांचा व्हिडिओ. मी काउंटरच्या मागे उभा होतो. मला पडदा दिसत नव्हता, त्यांचे चेहरे दिसत होते आणि माझा स्वतःचा आवाज ऐकू येत होता. सुरुवातीला काकू हसत होत्या. धुक्यातली गाडी बघून त्या "अगं बाई" म्हणाल्या. मग ती धून सुरू झाली. डॉक्टरांनी मान थोडी पुढे केली. चप्पल एकदा निसटली, दुसऱ्यांदा निसटली, तिसऱ्यांदा निसटली. त्यांनी नकळत आपल्या पायाकडे पाहिलं. गुडीहत्नूरचा माणूस त्यांच्या तोंडाकडे बघून हसत होता, ते कधी हसतात याची वाट बघत. मग माझा आवाज हुडाबद्दल बोलला.

काकूंनी वर पाहिलं. "हे तू बोलला?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायला जागाच नव्हती.

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. कोंबड्यांचं वाक्य येईपर्यंत दोघांनी तो पूर्ण पाहिला. मधेच उठावं असंही त्यांना वाटलं नाही. फोन धरलेल्या माणसाला वाईट वाटेल म्हणून असेल. संपल्यावर डॉक्टरांनी त्या माणसाचे आभार मानले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "लाइट तर तूच चालू ठेवाले लावले होते, बाबू."

"हो."

"ते नाई दाखवलं."

"नाई."

मला वाटलं, ते ओरडतील. ओरडले असते तर मी पाया पडलो असतो, रडलो असतो, काही तरी झालं असतं. त्यांनी फक्त काकूंना म्हटलं, "चाल, बस जाईल." पायऱ्या उतरताना त्यांनी काकूंच्या कोपराला धरलं होतं. त्या माणसाला काय झालं ते अजून कळलं नव्हतं. तो म्हणाला, "साधे लोक आहेत ना!" मी त्याचा फोटो काढला. कसा काढला ते आठवत नाही.

तेव्हाच मी तो व्हिडिओ काढून टाकला असता तर आज सांगायला तेवढं तरी असतं. मी चार दिवस काढला नाही. आकडा वाढत होता. रोज ठरवायचो, संध्याकाळी काढू, आणि संध्याकाळी म्हणायचो, आता काढून काय उपयोग, लोकांकडे तर गेलाच आहे. पाचव्या दिवशी जावयाचा हैदराबादहून फोन आला. त्याने नुकताच पाहिला होता. मला वाटलं तो खूश होईल.

"भैया, ऐसा क्यों किया?" तो म्हणाला. "मेरी गाड़ी अटकी थी, वो कहाँ है? आंटी का खाना खाए हम लोग."

मी म्हटलं, लोकांना असंच आवडतं. तो म्हणाला, "मेरी गाड़ी का भी मत रखो. निकालो उसको." आणि फोन ठेवला. मी त्याच क्षणी व्हिडिओ काढला. म्हणजे परक्या माणसाने सांगितल्यावर. ज्यांनी लहानपणी मला वेशीपर्यंत नेलं होतं त्यांच्यासाठी नव्हे. सेठच्या मुलीच्या लग्नाचं काम नंतर दुसऱ्याकडे गेलं, आणि त्याबद्दल हळहळायला मला तोंड नव्हतं.

पुढच्या रविवारी जैनथला गेलो. डॉक्टर अंगणात एका बकरीच्या पायाला मलमपट्टी करत होते. शेजारी मालक होता. मी काही बोलणार तोच ते म्हणाले, "धर बरं तिचं तोंड." मी धरलं. पट्टी होईपर्यंत आम्ही बकरीबद्दल बोललो. मालक गेल्यावर मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, माहं चुकलं. मी दुसरा व्हिडिओ करतो. लाइटचं, फळ्याइचं, सगळं खरं सांगतो. तुमी आणि काकू फक्त गाडीत बसा."

"नको," ते म्हणाले.

"माह्यासाठी नाई. लोकाइले कळलं पाह्यजे."

"लोकाइले काय कळावं लागते?" ते हात धुवत म्हणाले. "मले माहीत हाय, तुले माहीत हाय. बस."

काकू बाहेर आल्या नाहीत. आत भांड्यांचा आवाज येत होता. मी विचारलं, काकू आहेत का? डॉक्टर म्हणाले, "हाय. कामात हाय." गाडी शेडमध्ये होती. तिच्यावर हूड नव्हता. मी त्याबद्दल विचारलं नाही, पण त्यांना माझी नजर दिसली असावी. ते म्हणाले, "तिनं काढून ठेवला. म्हणे, लोक हासतात. मी म्हटलं हासू दे. पण ते आता गाडीत बसतच नाई. आदिलाबादला जायचं तर ऑटोनं जाते." हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. त्यांचं आयुष्य काय होतं ते मला माहीत होतं. मुलं लांब, दर बाजाराला दोघं त्या गाडीतून यायचे, भाजी घ्यायचे, आणि डॉक्टरांच्या शेजारच्या जागेवर एरवी काकूंशिवाय कोणी बसत नसे. मी चार मिनिटांत ते मोडलं होतं.

घरी येऊन मी कॅमेऱ्यासमोर एकटाच बसलो आणि काय कापलं ते सगळं सांगितलं. बॅटरी मी उतरवली, गतिरोधक मी लपवला, हूड दाभणाने कसा शिवलेला होता. काकूंचं नाव घेतलं नाही. तो व्हिडिओ फार थोड्यांनी पाहिला. खाली एकाने लिहिलं होतं, "भाऊ, धक्केवाला परत टाका ना." त्यानंतर मी चॅनल बंद केला. लोक विचारायचे तेव्हा वेळ मिळत नाही म्हणायचो. तेही खरं नव्हतं.

वर्षभराने डॉक्टर बाजारात भेटले. त्यांनीच हाक मारली. ते सांगत होते की सेठचा जावई संक्रांतीला घरी येऊन गेला, तासभर बसला, जाताना काकूंच्या पाया पडला. "त्याचं काय होतं त्यात?" डॉक्टर म्हणाले. "पण आला बिचारा." मी म्हटलं, चांगला माणूस आहे. मला वर बघता येईना. काकू कशा आहेत, असं विचारायचं मनात होतं, ते ओठावर आलं नाही.

काकू मला त्यानंतर दोनदा दिसल्या. एकदा भाजीबाजारात, एकदा बँकेसमोर. दोन्ही वेळा मी गर्दीत सरकलो. पन्नाशीकडे आलेला माणूस, गवार बघत असल्यासारखं खाली मान घालून उभा. एकदा त्या माझ्यापासून दोन हातांवर भाव करत होत्या आणि मी त्यांच्याकडे पाठ केली होती.

या पावसाळ्याआधी त्या स्टुडिओत आल्या. एकट्याच. कसल्याशा अर्जाला फोटो लागत होते. दुसरे स्टुडिओ वाटेत होते, तरी माझ्याकडे का आल्या ते मी विचारलं नाही. मी पडदा सोडला, दिवे लावले, स्टूल ठेवलं. त्या ताठ बसल्या. कॅमेऱ्यातून बघताना त्या थेट माझ्याकडे बघत होत्या, म्हणजे कॅमेऱ्याकडे, पण मला दोन्हीत फरक करता येत नव्हता. मी फोटो काढला. फोटो बरा आला असं वाटलं. मी प्रिंट द्यायला निघालो.

"थांब," त्या म्हणाल्या. "आधी पाहू दे मले."

मी त्यांना आत कॉम्प्युटरजवळ नेलं. त्यांनी चष्मा लावला आणि पडद्यावरचा आपला चेहरा बराच वेळ पाहिला. मी मागे उभा होतो. माफी मागावी असं वाटलं, शब्द जुळवलेही. पण त्या अर्जाच्या कामाला आल्या होत्या आणि मला माझं ओझं त्यांच्या पुढ्यात टाकायचं धाडस झालं नाही.

"डोळा मिटला माहा," त्या म्हणाल्या. "दुसरा काढ."

मी दुसरा काढला. त्यांनी तोही पाहिला आणि मान हलवली. मग पिशवीत फोटो ठेवून त्या ऑटो बघायला रस्त्यावर गेल्या.